शटरच्या टीव्हीची किल्ली

'एक टीव्ही होता तेव्हा घर एक होतं. हातोहाती मोबाइल आले आणि घराची चार घरं झाली.' हा मजकूर आठवड्यात तीनदा आमच्या घरच्या ग्रुपवर आला. एकदा नागपूरच्या मामांकडून, पहाटे साडेपाचला. मोबाइल नसता तर हे दुःख त्यांनी पोस्टकार्डावर कळवलं असतं.

म्हणे सगळे एकत्र बसून बघायचे. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागलं की आमच्या दोन खोल्यांत अख्खा मजला कोंबलेला असायचा, हे खरं. पण आई कुठे होती? स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, एक कान कुकरच्या शिट्ट्यांकडे. निम्मं 'रामायण' तिने नुसतं ऐकलं. टीव्हीला लाकडी शटर होतं आणि किल्ली बाबांच्या खिशात. आमच्या परीक्षा आल्या की कुलूप, बाबांच्या बातम्या लागल्या की चिडीचूप. आज तीच आई साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून पोळ्या लाटता लाटता कीर्तन ऐकते. हाताला पीठ असतं, म्हणून जाहिरात आली की करंगळीने पुढे सरकवते. कोणतं कीर्तन लावायचं, हे तिला कुणी सांगत नाही.

दुसरं म्हणे, ज्याचा त्याचा फोन, ज्याचं त्याचं जग. आमच्याकडे फोन स्वेटरसारखा खाली उतरतो. मुलीने नवा घेतला की तिचा जुना मला, माझा सासूबाईंना. विजेचं बिल भरते मुलगी, ओटीपी जातो सासऱ्यांच्या नंबरवर, आणि तो बाल्कनीतून ओरडून सांगितला जातो. शेजाऱ्यांनाही पाठ झाला असेल! २०२० च्या टाळेबंदीत तर कित्येक घरांत एकाच फोनवर दोन भावंडांची शाळा चालली होती.

आणि पूर्वी गप्पा व्हायच्या? मावशीशी बोलायला रात्री अकरानंतर एसटीडीचे, म्हणजे परगावच्या कॉलचे, दर उतरण्याची वाट बघायची. लँडलाइनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, तोवर शेजाऱ्यांचा पीपी नंबर, म्हणजे फोन त्यांच्याकडे यायचा आणि ते आपल्याला हाक मारायचे. मोबाइल आल्यावरही २००३ पर्यंत आलेल्या कॉलचेसुद्धा पैसे पडत, म्हणून उचलायचा नाही, कापायचा.

जेवताना मोबाइल वाईट, हे मात्र मान्य. म्हणून आम्ही ताटावर फोन बंद केला. नियम मोडताना दर वेळी सासरेच सापडतात. परवा आमटी गार होत होती आणि ते मामांचा तोच मजकूर पुढे पाठवत होते.