"सोसलेला माणूस पुढे तेच करतो" हे खोटं आहे, तो मेसेज पाठवणं थांबवा

"लहानपणी लैंगिक अत्याचार झालेल्या मित्राला कसं सावराल" असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरून राहिला आहे. खाली कुण्या लाईफ कोचचं नाव, मधे मधे हात जोडलेले इमोजी. शाळेच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, मी सोडून दिला असता, पण माझ्या एका जवळच्या मित्राला तो त्याच्या मावशीने पर्सनलवर पाठवला, "तुझ्या कामाचं आहे बेटा" असं लिहून. त्याच्यासोबत लहानपणी काय झालं ते घरात मावशीला माहीत आहे. त्यातला चौथा मुद्दा असा की अशी माणसं मोठी होऊन तेच करतात, म्हणून अशा मित्राला "प्रेमाने, पण लहान मुलांपासून थोडं दूर ठेवा". ते वाचल्यापासून हा पोरगा स्वतःच्या भाचीला कडेवर घेत नाहीये. त्याला विचारूनच लिहितोय, आणि तो कोण हे कळेल असं यात काही नाही.

तर आधी चौथाच मुद्दा घेतो.

अमेरिकेत कॅथी स्पाट्झ विडम नावाच्या संशोधक आहेत. १९६७ ते १९७१ या काळात ज्यांच्यावर अत्याचार किंवा हेळसांड झाल्याचं कोर्टात नोंदलं गेलं अशी ९०८ मुलं त्यांनी घेतली, त्याच वयाची, तशाच घरांतली पण अशी नोंद नसलेली ६६७ मुलं घेतली, आणि ती सगळी मोठी होऊन पन्नाशीला पोचेपर्यंत लैंगिक गुन्ह्यात कोणाकोणाला अटक झाली ते तपासलं. २०१५ मध्ये हे जामा पेडियाट्रिक्स या डॉक्टरी जर्नलमध्ये छापून आलं. लहानपणी मारहाण किंवा हेळसांड झालेल्यांमध्ये धोका वाढलेला दिसला, पण ज्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाला होता त्यांच्यात तसा ठोस फरक सापडला नाही. म्हणजे ज्या लोकांबद्दल हा मेसेज बोलतोय, नेमका त्यांच्याबद्दलच तो खोटा आहे.

आता यात अर्धं सत्य काय आहे तेही सांगतो, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये आणून टाकेलच. जेलमधल्या गुन्हेगारांना विचारलं तर बरेच जण सांगतात की आमच्यावरही लहानपणी झालं होतं. असेलही. पण तुम्ही जेलमध्ये जाऊन विचारून राहिले न भाऊ, जो माणूस सोसून गपचूप नोकरी करतोय, पोरांना शाळेत सोडतोय, त्याला कोणी विचारायलाच गेलं नाही. आणि साधा विचार करा, जगभरात मुलांपेक्षा मुलींवर अत्याचार जास्त होतात, मेसेज खरा असता तर गुन्हेगारांत बायकाच जास्त दिसायला पाहिजे होत्या. दिसतात काय? जवळपास सगळे पुरुष असतात.

मला राग याचा येतो की ही भीती सोसलेल्या माणसाच्या मनात आधीच असते. आपण खराब झालो, आपल्यात काहीतरी घाण राहून गेली, लग्न करावं का, मूल होऊ द्यावं का, हे सगळं तो रात्री एकटा चघळत असतो, आणि त्याच भीतीवर सख्खी मावशी शिक्का मारते. मग पुढच्या वेळी तो कोणाला सांगेल काहून? तुमच्या मित्राने तुम्हाला हे सांगितलं असेल तर त्याच्या हातात तुमचं बाळ देताना आधी जसे देत होते तसेच द्या, "माझा विश्वास आहे हं" असं भाषणही नको, कारण भाषण दिलं की त्याला कळतं तुम्ही विचार करत होते.

दुसरा मुद्दा, "माफ केल्याशिवाय जखम भरत नाही, सणावाराला नमस्कार करायला लावा". आपल्याकडे महालक्ष्मीच्या जेवणाला अख्खं खानदान एका घरी जमतं आणि बऱ्याचदा अत्याचार करणारा तो माणूसही तिथेच पंगतीत बसलेला असतो, कारण हे करणारा बाहेरचा कमी आणि ओळखीचाच जास्त निघतो. त्याच्या पाया पडायला लावून कोणाची जखम भरणार आहे? घरच्यांची अडचण मिटते, एवढंच. माफ करायचं की नाही हे ज्याने सोसलं तो ठरवेल, आयुष्यभर नाही केलं तरी तो बरा होऊ शकतो. मित्र म्हणून खरंच काही करायचं असेल तर त्या दिवशी सोबत जा, नाही जायचं म्हणाला तर "ऑफिसचं काम निघालं" हे त्याच्या वतीने तुम्ही सांगा, गेलाच तर गाडीची किल्ली खिशात ठेवा आणि त्याने नुसतं पाहिलं की निघा, का म्हणून विचारू नका.

पहिला मुद्दा आहे "सगळं एकदा बोलून घ्यायला लावा". बोलल्याने हलकं वाटतं हे खरं आहे, मान्य, पण ते लावा बिवा काही नाही. कधी, किती, कोणाला, हे तो ठरवणार. ट्रॉमावर काम करणारे चांगले थेरपिस्टसुद्धा पहिल्याच दिवशी तपशील विचारत नाहीत, आधी झोप, सुरक्षित वाटणं, घाबरल्यावर स्वतःला सावरणं यावर काम करतात. तुम्ही फुटाळा तलावावर बसून चहा पिता पिता "नेमकं काय केलं बे त्याने" विचारणार, आणि रात्री त्याला झोप लागणार नाही तेव्हा तुम्ही घरी घोरत असणार. तो सांगत असेल तर ऐका, "माझा विश्वास आहे, यात तुझी चूक नव्हती" एवढं म्हणा. कधी रात्री फारच त्रास झाला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ आहे, फुकट आहे.

तिसरा, "नुसता स्पर्श असेल किंवा मुलगा असेल तर फार मोठं करू नका". मुलग्यांचं म्हणाल तर केंद्र सरकारचा २००७ चा अभ्यास आहे, १३ राज्यं, महाराष्ट्र धरून, १२,४४७ मुलं. त्यात लैंगिक अत्याचार सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगेच होते. आणि "नुसता स्पर्श" हे नागपुरात तरी कोणी बोलू नये. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाने १२ वर्षांच्या मुलीच्या केसमध्ये म्हटलं होतं की कपड्यांवरून हात लावला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून पॉक्सोतला (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लैंगिक हल्ला होत नाही. देशभर ओरड झाली आणि नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं, हेतू बघायचा म्हणून सांगितलं. तो विषय तिथेच संपला.

पाचवा, "इतक्या वर्षांनी केस होतच नाही, उगाच पोलिसांचं नाव काढू नका". चूक. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्याला आपल्याकडे मुदत नाही. पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, त्याआधीच्या घटनेला जुनी आयपीसी लागते. सिद्ध करणं कठीण जातं हे खरं, पण करायची की नाही हे त्यालाच ठरवू द्या, त्याला न विचारता तुम्ही ठाण्यात जाऊन बसू नका. अपवाद एकच, तोच माणूस आज कोण्या लहान पोराच्या जवळ असेल आणि त्या पोरासोबत काही होतंय असं कळलं, तर तिथे थांबायचं नाही, १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनला फोन करा किंवा पोलिसांना कळवा, पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे ते कळवणं बंधनकारकच आहे. आणि हे मित्राला सांगून करा, त्याच्या पाठीमागे नाही.