ओळखलं त्या दिवशी तो गेला

आजी संतचरित्राची पोथी वाचायला बसली की मी तिच्या मांडीला टेकून बसायचे. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे दोरा बांधलेला, आणि ओवीखाली बोट. श्रीखंड्याची गोष्ट आली की ते बोट थांबायचं.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. पैठणला एकनाथांच्या घरी एक पोरगेलासा ब्राह्मण येतो, नाव सांगतो श्रीखंड्या, आणि घरचाच होऊन राहतो. गोदावरीचं पाणी कावडीने आणायचं, रांजण भरायचा, पूजेचं गंध उगाळायचं, पडेल ते काम करायचं. अशी बारा वर्षं जातात. तिकडे द्वारकेत कृष्णदर्शनासाठी तप करत बसलेल्या एका ब्राह्मणाला दृष्टान्त होतो की देव इथे नाहीच, तो पैठणला नाथांच्या घरी पाणी भरतोय. तो शोधत शोधत येतो, दारात उभा राहून श्रीखंड्या कुठाय म्हणून विचारतो. तोवर श्रीखंड्या निघून गेलेला असतो. नाथांच्या वाड्यातला तो रांजण आजही दाखवतात. नाथषष्ठीच्या सुमारास लोक त्यात पाणी ओततात, आणि तो भरून वाहिला की देव येऊन गेला असं मानतात.

मला लहानपणी नाथांचा रागच यायचा. बारा वर्षं घरात असलेला देव कळू नये? आजी पोथी मिटत म्हणायची, "अगं, कुणी ओळखलं नाही म्हणून तर बारा वर्षं राहिला. ओळखलं त्या दिवशी गेला."

हे वाक्य मला कळायला पुढची तीसेक वर्षं लागली. आणि आज हे सगळं लिहायला बसले त्याला एक कारण घडलंय, ते पुढे सांगते.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. नाथ म्हणजे कोण? ज्यांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ते. गीतेच्या नवव्या अध्यायातल्या त्या प्रसिद्ध श्लोकावरच्या ओव्याही त्यांच्या नजरेखालून गेल्या असणार. "अवजानन्ति मां मूढा मानुषीं तनुमाश्रितम्." मी माणसाचं शरीर घेतलं म्हणून मूढ लोक माझी अवज्ञा करतात. ज्याला हा श्लोक पाठ, त्याच्याच घरात हे घडतं. म्हणजे देव न ओळखता येणं हे अज्ञान्यांचं लक्षण, असं आपण जे सरसकट म्हणतो, ते आपल्याच परंपरेत टिकत नाही.

ओळखायला चुकलेल्यांची यादी बघा ना. यशोदेने तोंडात ब्रह्मांड पाहिलं आणि पुढच्या क्षणी विसरली, पुन्हा पोर मांडीवर घेऊन बसली. ब्रह्मदेवाने त्याची वासरं आणि गोपाळ पळवले. इंद्राने गोकुळावर पाऊस सोडला. परशुराम स्वतः अवतार, पण रामाच्या हातात वैष्णव धनुष्य देऊन बघेपर्यंत समोर कोण उभं आहे ते त्यालाही कळलं नाही. आणि खुद्द राम? रावणवधानंतर देव जमून त्याला सांगतात की तू नारायण आहेस, तेव्हा वाल्मीकींचा राम म्हणतो, "आत्मानं मानुषं मन्ये रामं दशरथात्मजम्." मी स्वतःला माणूस समजतो, दशरथाचा मुलगा राम.

या ओळीपाशी मी दर वेळी थांबते. कारण त्यामागचा हिशोब सरळ आहे. रावणाने वर मागताना देव, दानव, यक्ष, राक्षस सगळ्यांकडून अभय मागितलं, माणसाला मोजलंच नाही. मग त्याला मारायला येणारा खराखुरा माणूसच असायला हवा. राम वनात रडतो, झाडांना सीतेचा पत्ता विचारतो, लक्ष्मण पडल्यावर कोसळतो, ते नाटक म्हणून वाचलं की मला रामायण हातातून निसटल्यासारखं वाटतं. तो पुरता माणूस झालाय. मग बघणाऱ्याला माणूसच दिसला तर त्या बघणाऱ्याचं काय चुकलं?

गीतेत तर देव स्वतःच सांगतो, "नाहं प्रकाशः सर्वस्य योगमायासमावृतः." मी सगळ्यांना दिसत नाही, योगमायेने झाकलेला आहे. पांघरूण त्याने घेतलंय. तेच त्याचं इथे राहणं आहे.

आणि पांघरूण बाजूला झालं की काय होतं, ते अकराव्या अध्यायात आहे. विश्वरूप बघून अर्जुन थरथरतो आणि पहिली माफी कसली मागतो? सखा समजून तुला "हे कृष्णा, हे यादवा, अरे मित्रा" अशा हाका मारल्या, खेळताना, झोपताना, बसताना, जेवताना थट्टा केली, ते सगळं पोटात घाल. किती घरगुती यादी आहे ही! एका ताटाशी बसून जेवलेल्या माणसाची यादी. आणि मग तो मागतो काय, तर हे रूप आवर, आधीचा हो. देव पुन्हा सौम्य होतो तेव्हा अर्जुन म्हणतो, तुझं हे मानुष रूप बघून आता कुठे मी भानावर आलो. ज्याला देव दिसला, त्याला तो परत माणूस व्हायला हवा होता. पुढची गंमत महाभारतातच आहे. युद्ध संपल्यावर आश्वमेधिक पर्वात अर्जुन कृष्णाला म्हणतो, तू तेव्हा जे सांगितलंस ते सगळं मी विसरलो, पुन्हा सांग. विश्वरूप पाहिलेला माणूस विसरतो. कृष्णाला वाईट वाटतं, तो बोलूनही दाखवतो, पण मैत्री काही तोडत नाही.

आता कारण सांगते.

माझी आत्या, साधी, देवभोळी बाई. नवरा गेल्यानंतर एकटी पडली आणि एका बुवाच्या बैठकीला जायला लागली. हा बुवा स्वतःला दत्ताचा अवतार म्हणवतो. पहिल्याच भेटीत त्याने तिच्याकडे बघून विचारलं, "मला ओळखलं नाहीस?" आत्या सांगते की त्या एका प्रश्नाने ती हमसून रडली. गेल्या कित्येक महिन्यांत तिला कुणी तिच्या डोळ्यांत बघून काही विचारलंच नव्हतं. (आम्ही घरच्यांनी तरी कुठे विचारलं होतं. हे मला स्वतःशी कबूल करायला फार जड गेलं.) पुढे पाटल्या गेल्या, मग बांगड्या. मी बोलायला गेले तेव्हा बैठकीतली मंडळी मला म्हणाली, "ताई, कृष्णालाही दुर्योधनाने ओळखलं नव्हतं. तुमचा अहंकार आडवा येतोय." आणि आत्या खाली मान घालून बसली होती, हात मांडीवर, मनगटं मोकळी.

हा युक्तिवाद इतका बिनतोड वाटतो की चांगली शिकलेली माणसं त्यापुढे गप्प होतात. शंका घेतली की तुम्ही दुर्योधन. म्हणून मी परत उद्योगपर्व उघडून बसले.

कृष्ण कौरवांच्या दरबारात कशासाठी गेला होता? शिष्टाईला. मला देव माना असं तो तिथे म्हणत नाही. युद्ध टाळा, पांडवांचा वाटा द्या, कुळाचा नाश करू नका, असं माणसाने माणसांना सांगावं तसं समजावतो. भीष्म, द्रोण, विदुर, गांधारी, सगळे तेच सांगतात. दुर्योधनाचा अपराध असा की त्याने सरळ न्यायाची गोष्ट ऐकली नाही आणि आलेल्या दूताला बांधायला निघाला. विश्वरूप त्यानंतरचं. कृष्ण देव नसता, नुसता यादवांचा एक शहाणा माणूस असता, तरी दुर्योधन तितकाच दोषी होता.

गीतेच्या नवव्या अध्यायातला शब्दही परत बघितला. "अवजानन्ति." परमभाव न जाणणं पुढच्या चरणात आहेच, ते मी लपवत नाही. पण मूढ करतात काय, तर अवज्ञा. माणसाच्या देहात आहे म्हणून तुच्छ लेखतात. नुसतं न ओळखणारा अर्जुनही होता, यशोदाही होती. त्यांनी अवज्ञा कधी केली नाही.

आणि बैठकीत कधीच न सांगितली जाणारी एक गोष्ट भागवताच्या दहाव्या स्कंधात आहे. करूष देशाचा राजा पौंड्रक. भोवतालच्या लोकांनी त्याला सांगितलं, खरा वासुदेव तूच, आणि त्याला ते पटलं. शंख, चक्र, गदा, वनमाला सगळं करवून घेतलं आणि कृष्णाकडे दूत पाठवला की माझी चिन्हं टाकून दे आणि मला शरण ये. आपल्या पूर्वजांना हा माणूस चांगलाच माहीत होता. खरा देव ओळखू येत नाही आणि खोटा लगेच ओळखू येतो, कारण तो नखशिखांत देवासारखा दिसतो.

कुणी म्हणेल, कृष्णानेही अर्जुनाला सांगितलंच ना मी कोण ते? सांगितलं. एकाला सांगितलं, तोही मित्र, शिष्य होऊन विचारता झाल्यावर. आणि अठराव्या अध्यायात, सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु." पूर्ण विचार कर आणि तुला हवं ते कर. शरण ये हेही म्हणाला, पण ते या वाक्यानंतर. रामकृष्ण परमहंसांचं उदाहरण तर अगदी अलीकडचं. १८८६ चा ऑगस्ट, काशीपूरची बाग, घशाच्या कॅन्सरने शरीर संपत आलेलं. उशाशी उभ्या नरेंद्राच्या मनात अजून शंका, आत्ता या यातनेत हे स्वतःला अवतार म्हणाले तरच मी मानीन. पुढचा विवेकानंद तो, वर्षानुवर्षं पायाशी बसलेला, तरी शंका. परमहंसांनी त्याला उत्तर दिलं, जो राम होता, जो कृष्ण होता, तोच आता या देहात रामकृष्ण आहे. शंका घेतली म्हणून त्याला कुणी दुर्योधन म्हटलं नाही.

आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अवतार असल्याचं भासवून लैंगिक शोषण करणं हा त्यात गुन्हा आहे. डॉ. दाभोलकरांनी त्या कायद्यासाठी आयुष्य खर्ची घातलं आणि त्यांच्या खुनानंतर तो आला. मी श्रद्धाळू बाई आहे, रोज देवापुढे दिवा लावते, आणि मला हा कायदा माझ्या देवाच्या बाजूचा वाटतो.

पण बुवांवर राग काढून मी मोकळी होऊ शकत नाही. अवज्ञेचा हिशोब आपल्याकडेही येतो. दामाजीपंतांची गोष्ट घ्या. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारं त्यांनी लोकांना उघडून दिली आणि देव विठू महार होऊन बिदरच्या दरबारात पैसे भरून आला. घोंगडी, काठी, जोहार. ही कथा आपण शतकानुशतकं कीर्तनात ऐकली, डोळे पुसले. आणि ज्या पंढरपुरात ती ऐकली तिथल्या देवळात त्याच जातीच्या माणसाला प्रवेश नव्हता. चोखोबांची समाधी महाद्वारात, नामदेव पायरीसमोर, बाहेर. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केलं तेव्हा दार उघडलं. विठू महार कथेत चालतो, दारात चालत नाही, असं आपण किती पिढ्या वागलो. याला न ओळखणं म्हणता येणार नाही. गोष्ट तर पाठ होती.

उत्तंक ऋषीचीही हीच गत. कृष्णाने वर दिला, तहान लागली की माझं स्मरण कर, पाणी मिळेल. वाळवंटात तहान लागली, स्मरण केलं, तर समोर कुत्र्यांनी वेढलेला, चिखलाने माखलेला चांडाळ आला आणि पाणी देऊ लागला. उत्तंकाने झिडकारलं. तो इंद्र होता आणि हातात अमृत होतं. इंद्र आहे हे उत्तंकाला कळायला नकोच होतं. तहानलेल्याला कुणी पाणी देतंय, एवढं कळायला हवं होतं.

नाथांच्या गोष्टीकडे मी आता या बाजूने बघते. बारा वर्षं घरात राबणारा पोरगा एकदाही दुखावून निघून जावा असं त्या घरात काही घडलं नाही. म्हणून तो राहिला.

आत्याकडे मी हल्ली दर रविवारी जाते. बुवाचा विषय काढत नाही. तिची बैठक अजून पुरती सुटलेली नाही. आम्ही दोघी मिळून नाथांचं भागवत वाचतो, भागवताच्या अकराव्या स्कंधावरची त्यांची टीका. ती वाचते, मी ऐकते. मागच्या रविवारी तिसावा अध्याय आला. यादवकुळ संपलंय, कृष्ण पिंपळाखाली एकटा बसलाय, पाय मांडीवर टाकलेला. जरा नावाच्या पारध्याला झाडीतून तो तळवा हरणाच्या तोंडासारखा दिसतो आणि तो बाण सोडतो. जवळ येऊन बघतो आणि पायाशी कोसळतो. कृष्ण त्याला म्हणतो, भिऊ नकोस, ऊठ, हे माझ्याच इच्छेने झालं.

आत्याने तिथे बोट ठेवलं आणि बराच वेळ पुढे वाचलं नाही. मग म्हणाली, "त्याला तर माणूससुद्धा दिसला नव्हता गं."