हुक टर्नला नावं ठेवणाऱ्यांसाठी

मेलबर्नच्या आपल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर हुक टर्नचा विषय अधूनमधून निघतोच. कोणीतरी नवीन आलेलं असतं, पहिल्यांदाच सिटीत, म्हणजे शहराच्या मध्यभागी, गाडी घेऊन गेलेलं असतं आणि रात्री मेसेज येतो, "उजवीकडे वळायचं तर डावीकडे जाऊन उभं राहायचं? हा काय वेडेपणा?" खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. मला हा विनोद आता पुरे झाला. गाड्या आणि ट्राम एकाच चौकात नांदाव्यात म्हणून या शहराने जे काही नियम केलेत, त्यांत हुक टर्नइतका शहाणा नियम दुसरा नाही.

ट्रामचे रूळ रस्त्याच्या मधोमध. इथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे उजवीकडे वळणारी गाडी सहसा रुळांवरच येऊन उभी राहते. समोरून येणाऱ्या गाड्या संपेपर्यंत ती हलणार नाही आणि तिच्यामागे भरलेली ट्राम घंटा बडवत बसणार. त्यापेक्षा डाव्या कडेने या, उजवा इंडिकेटर लावा, हिरव्या सिग्नलला चौकात शिरा, पलीकडच्या टोकाला पादचाऱ्यांची वाट सोडून थांबा आणि आडव्या रस्त्याचा सिग्नल हिरवा झाला की वळा. बस, एवढंच. रूळ मोकळे राहतात आणि तुम्ही वळता तेव्हा तुम्ही आलात त्या रस्त्यावरची ट्राम लाल दिव्याला उभी असते.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. कोंडी ही किरकोळ गोष्ट, खरी भीती मागून येणाऱ्या ट्रामची. सिटीबाहेर बहुतेक चौकांत हुक टर्न नाही. तिथे वळणाऱ्याचे डोळे समोरच्या गाड्यांवर खिळलेले असतात, जरा फट दिसली की तो स्टिअरिंग फिरवतो, आणि त्याच दिशेने मागून येणारी ट्राम त्याच्या हिशोबातच नसते. यू-टर्न घेणारे तर विचारूच नका.

ट्रामच्या ड्रायव्हरच्या हातात काय असतं? ब्रेक आणि घंटा. ट्राम बाजूला घेता येत नाही. पोलादी चाक पोलादी रुळावर, त्यात पाऊस झालेला, रबरी टायरसारखी पकड येणार कुठून? म्हणून तर रुळांवर वाळू सोडायची सोय असते, रुळाला चिकटणारे चुंबकी ब्रेक असतात. इथल्या ट्राम चालवणाऱ्या यारा ट्राम्सने 2011मध्ये गेंड्याची जाहिरात काढली होती: एका ट्रामचं वजन 30 गेंड्यांएवढं. लोकांना गेंडा गोड वाटला, पोस्टरं गाजली. वळणारे वळतच राहिले.

आणि ड्रायव्हरने कचकचून ब्रेक मारून टक्कर टाळली, तरी आत काय होतं ते गाडीवाल्याला दिसत नाही. उभी असलेली म्हातारी माणसं, कडेवर पोर घेतलेल्या बायका दाणकन आपटतात. गाडीला ओरखडाही नसतो, गाडीवाला निघून गेलेला असतो.

दुसरा नियम दारांचा. बऱ्याच स्टॉपवर लोक थेट रस्त्यावर उतरतात, मधे एक अख्खी लेन ओलांडून फुटपाथ गाठतात. म्हणून ट्राम थांबली की तिच्यामागे थांबायचं, दारं मिटून माणसं पलीकडे जाईपर्यंत हलायचं नाही. हा नियम मोडणाऱ्यांत जुने-नवे, गोरे-काळे सगळे आले, उगाच आपल्याच लोकांना बोल लावण्यात अर्थ नाही. फोनमध्ये बघणारा माणूस कुठल्याही देशाचा असू शकतो.

पण सगळं ड्रायव्हरच्या शहाणपणावर सोपवायचं, ही सरकारची पळवाट झाली. इथले जवळपास तीन चतुर्थांश रूळ गाड्यांच्या रस्त्यावरच आहेत आणि ट्रामच्या पट्टीची पिवळी रेघ कोणाला अडवत नाही. उपाय ठाऊक आहे: ट्रामच्या दाराशी समपातळीत येणारा उंच फलाट. उतरणारा माणूस लेनमध्ये येत नाही, व्हीलचेअरवाल्यालाही चढता येतं. कायद्याने 2022च्या अखेरपर्यंत सगळे स्टॉप असे सोयीचे व्हायला हवे होते. झाले नाहीत. राज्याच्या ऑडिटर जनरलच्या 2020च्या अहवालानुसार 2018-19मध्ये पायऱ्या नसलेली, खालच्या फरशीची ट्राम आणि समपातळीचा स्टॉप या दोन्ही गोष्टी एकत्र मिळालेल्या फेऱ्या होत्या फक्त 15 टक्के. इथल्या सिडनी रोडसारख्या अरुंद, दुकानांच्या रस्त्यावर फलाट घालायचे तर पार्किंग काढावं लागतं, आणि पार्किंगचं नाव निघालं की पुढारी गप्प.

"मग ट्रामच काढून टाका," असंही कोणीतरी ग्रुपवर म्हणालंच. ते करून बघितलंय की आपण. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964ला बोरीबंदरहून दादरला गेली. दादर टीटीच्या (ट्राम टर्मिनस) नावात तेवढी ट्राम उरली, आणि तिथला चौक आज किती मोकळा आहे ते सगळे जाणतातच. कोलकात्यात तर आधी रुळांची राखीव पट्टी काँक्रीट घालून गाड्यांना मोकळी केली, मग ट्राममुळे कोंडी होते अशी ओरड सुरू झाली. 2024मध्ये तिथल्या परिवहन मंत्र्यांनी हौसेच्या सफरीसाठीचा एक मार्ग वगळता ट्राम बंद करायचं जाहीर केलं. घरात घुसलेल्यानेच घरमालकाला अडगळ म्हणायचं, असा हा न्याय.

आपली बरीच मंडळी टार्नीट, पॉइंट कुक अशा उपनगरांत राहतात. तिथे ट्राम नाही, म्हणजे या सगळ्याची सवय व्हायची संधीच नाही. वर्षातून चार वेळा सिटीत जायचं, तेही शनिवारी संध्याकाळी, मागे मुलं भांडतायत, शेजारी मॅपवाली बाई एक सांगतेय आणि बायको दुसरं. अशा वेळी कॉलिन्स स्ट्रीटवर हुक टर्न शिकायला जाऊ नका. एखाद्या रविवारी सकाळी लवकर, रस्ते रिकामे असताना एकटे जाऊन दोन-चारदा वळून या. किंवा सरळ टार्नीट नाहीतर विल्यम्स लँडिंगला गाडी लावून ट्रेनने या. सिटीतल्या ठरावीक भागात 2015पासून ट्राम फुकट आहे. पार्किंगचे पैसे वाचतील, त्यात सगळ्यांची कॉफी होईल.