ड्यूकसाहेबांना पाच तारे कसे द्यावेत

कादंबरी संपली. साल 1816, लंडन. नायिका 19 वर्षांची, बाप जुगारात कंगाल, आणि त्याच्या कर्जाच्या चिठ्ठ्या खिशात घालून दारात उभा राहिलेला 34 वर्षांचा ड्यूक, म्हणजे राजघराण्याखालोखालचा सरदार. ती नको नको म्हणत असताना लग्न लागलं आणि 375व्या पानावर तीच त्याच्या गळ्यात हात टाकून ‘तुम्ही नसतात तर माझं काय झालं असतं’ म्हणाली. तुम्ही पहाटे तीनपर्यंत जागून हे वाचलंत. आता अभिप्राय लिहायचा आहे. फार आवडलं म्हणावं तर लोक काय म्हणतील, आणि मुळीच आवडलं नाही म्हणावं तर पहाटेच्या तीनचा हिशेब कसा द्यायचा? घाबरू नका. या पेचातून सुटण्याची पद्धत ठरलेली आहे आणि ती पाळली की कोणी बोट ठेवू शकत नाही.

पहिलं वाक्य निषेधाचं. ‘जबरदस्तीच्या लग्नाचं समर्थन होऊच शकत नाही.’ बस, एवढंच. निषेध दोन ओळींच्या वर गेला की वाचणाऱ्याला तो खरा वाटू लागतो आणि मग खाली पाच तारे देणं अवघड जातं.

नंतर जबरदस्ती कोणी केली ते ठरवून टाका. कोणीही ठरवा, फक्त नायक सोडून. नायक-नायिका ग्रंथालयात दोन मिनिटं एकटे सापडतात आणि नेमकी गावभर बोलणारी काकू दार उघडते, या प्रकारात दोष समाजाचा. तिशीच्या आत लग्न केलं नाही तर इस्टेट चुलतभावाला जाईल अशी मृत्युपत्रात मेख असेल तर दोष मेलेल्या आजोबांचा, आणि ते उत्तर द्यायला येत नाहीत. स्कॉटलंडातल्या दोन घराण्यांचं वैर मिटवायला राजाने हुकूम काढला असेल तर नायकही बिचारा अडकलेलाच. अवघड प्रकरण कर्जाचं, कारण चिठ्ठ्या ड्यूकने स्वतः गोळा केलेल्या असतात. तिथे विकणारा हा विकत घेणाऱ्यापेक्षा नेहमीच वाईट, हा नियम लावावा. बापाला दोन परिच्छेद झोडपलंत की ड्यूक निर्दोष सुटतो.

मग इतिहास. इथे दयामाया नको. तुमचा सगळा अधिकार या भागावर उभा आहे, म्हणून भिंग घेऊन बसा. 1754 सालापासून इंग्लंडात लग्नाला कायद्याची पक्की चौकट होती. एक तर आपल्या पॅरिशच्या, म्हणजे त्या हद्दीच्या चर्चमध्ये तीन रविवारी लग्नाचा जाहीर पुकारा, नाहीतर परवाना. साधा परवाना घेतला तर दोघांपैकी एकाचा त्या पॅरिशमध्ये चार आठवड्यांचा रहिवास हवा, मुलगी 21च्या आत असेल तर बापाची संमती हवी, आणि लग्न लागणार चर्चमध्येच, सकाळी आठ ते दुपारी बाराच्या दरम्यान. मध्यरात्री दिवाणखान्यात लग्न लावायचं तर कँटरबरीच्या आर्चबिशपचा खास परवाना लागे आणि तो मिळे लंडनच्या डॉक्टर्स कॉमन्समध्ये, म्हणजे चर्चच्या वकिलांच्या कचेरीत. यॉर्कशायरात बसलेल्या नायकाने तो एका रात्रीत पैदा केला असेल तर अर्धा तारा कापा. जोडपं पळून, हा कायदा जिथे लागू नव्हता त्या स्कॉटलंडच्या हद्दीत, ग्रेटना ग्रीनला गेलं असेल तर अंतर मोजा. लंडनपासून 300 मैलांच्या वर आहे. टप्प्याटप्प्याला घोडे बदलत, झोप न घेता पळालं तरी दोन-तीन दिवस गेले. लेखिकेने त्यांना सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला पोचवलं असेल तर आणखी अर्धा. नोकराने ड्यूकला ‘माय लॉर्ड’ म्हटलं? ‘युअर ग्रेस’ हवं. नायकाने काडी ओढून मेणबत्ती लावली? घासून पेटणारी काडी बाजारात आली 1827 साली. आणखी अर्धा.

सगळ्यात मोठं सावज मात्र 200व्या पानाच्या आसपास असतं. तिथे वकील नायिकेला सांगतो की दोघं एका खोलीत राहिली नाहीत, तेव्हा हे लग्न रद्द करता येईल. साफ चूक. चर्चच्या न्यायालयाला तेवढं पुरत नसे. नवरा शरीरसंबंधाला असमर्थ आहे हे सिद्ध करावं लागे आणि त्याआधी सहसा तीन वर्षं एकत्र राहून दाखवावं लागे. हे खडसावून लिहा, लोक तुमच्या अभ्यासाला मान देतील. त्याच कायद्यात धाकदपटशा करून लावलेलं लग्न रद्द ठरू शकत होतं, म्हणजे नायिकेच्या हातात खरं कारण पहिल्या दिवसापासून होतं, हा भाग गाळावा. तो लिहिलात तर कादंबरी 90व्या पानावर संपते.

एवढी तपासणी झाली की 140वं पान उघडा. लग्नाची रात्र. इथे भिंग खणात ठेवायचं आणि लिहायचं, ‘त्या काळी असंच असायचं, आजच्या चष्म्यातून बघू नये.’

हे वाक्य वापरण्याची एक शिस्त आहे. ते फक्त नायकाच्या वागणुकीला लावायचं. त्याच्या दातांना लावायचं नाही. त्या काळी चौतिशीतल्या खाऊनपिऊन सुखी पुरुषाचे दात कसे असत, तो किती दिवसांनी अंघोळ करी, लंडनमध्ये ‘उनाड’ म्हणून पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला कोणते रोग जडत, हे प्रश्न उपस्थित करू नयेत. नायक सहा फूट तीन इंच असतो, त्याला चंदनाचा वास येतो आणि दात बत्तीसच्या बत्तीस. ड्यूक मंडळी तरी किती? राजघराण्याबाहेरचे दोन-अडीच डझन, त्यातले बरेच म्हातारे आणि विवाहित. तेही सोडून द्या.

त्याच्या उत्पन्नाकडेही बघू नका. वर्षाला 50,000 पौंड येतात, कुठून ते लेखिकेने लिहिलेलं नाही, म्हणजे विचारू नये अशीच तिची इच्छा आहे. ब्रिटनमध्ये गुलामांचा व्यापार 1807 साली बंद झाला, पण वेस्ट इंडिजमधले उसाचे मळे गुलामांच्या जिवावर चालूच होते, आणि 1833च्या कायद्याने गुलाम सोडवले तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. अभिप्रायात हे आलं की वातावरण बिघडतं. नायक लढाईवरून आलेला असेल तर जास्त सोयीचं. तो बहुधा स्पेन किंवा वॉटर्लूचा जखमी असतो, पण कधीकधी हिंदुस्थानातून परतलेला निघतो. त्याच्या खांद्यावरचा व्रण 1803 सालचा, भोकरदनजवळच्या असईच्या लढाईतला असला, तर तो गोळा शिंद्यांच्या तोफखान्याने डागलेला होता हे मराठी वाचकाने मनातल्या मनात ठेवावं आणि नायिकेबरोबर त्या व्रणावरून हळुवार बोट फिरवावं.

कोणी खोडसाळ माणूस कायद्याची पानं उलगडू लागेलच. लग्न झालं की बाईचा पैसा-अडका नवऱ्याचा होई आणि तिची मालमत्ता तिच्याच नावावर राहण्याची सोय सर्वांसाठी पुरती झाली ती 1882 साली. 1857च्या आधी पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा तर संसदेत स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे. असे तीनशेच्या वर कायदे झाले, त्यांतले बायकांच्या अर्जावरून फक्त चार. बायकोवर बलात्कार होऊ शकतो हे इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केलं 1991 साली. हे सगळं समोर आलं की शांतपणे उत्तर द्यायचं: ‘अहो, कादंबरी आहे, इतिहासाचं पुस्तक नाही.’ काडीपेटीसाठी अर्धा तारा तुम्हीच कापला होता, हे त्याच्या लक्षात यायच्या आत विषय नायिकेकडे वळवा.

नायिका ही दोष काढण्याची हक्काची जागा. ती पहिली 50 पानं नकार देते तोवर तिला ‘तेजस्वी’ म्हणा. 150व्या पानावरही देत असेल तर ‘हट्टी’. 250च्या पुढे गेली तर अंतिम शिक्का मारा: ‘फारच मॉडर्न वाटली, त्या काळातल्या बायका अशा नव्हत्या.’ त्या काळातल्या बायका कशा होत्या हे शोधायला मात्र जाऊ नका. गेलात तर स्ट्रॅथमोरची काउंटेस मेरी एलेनॉर बोज भेटेल आणि पंचाईत होईल. इंग्लंडातल्या सर्वांत श्रीमंत वारसदारणींपैकी एक. 1777 साली अँड्र्यू स्टोनी नावाच्या इसमाने तिच्या अब्रूसाठी द्वंद्वयुद्ध केल्याचं नाटक रचलं, मरायला टेकल्याचं सोंग घेतलं, आणि मरणाऱ्याची शेवटची इच्छा म्हणून तिने त्याच्याशी लग्न केलं. तो लगेच बरा झाला. तिने लग्नाआधी मालमत्ता सुरक्षित ठेवणारा करार करून ठेवला होता. तो त्याने मारझोड करून रद्द करवून घेतला. 1785 साली ती मोलकरणीच्या मदतीने पळाली आणि तिने फारकतीचा दावा लावला. पुढच्या वर्षी त्याने तिला लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून भरदिवसा पळवून उत्तरेला नेलं, ऐन थंडीत माळरानांतून फरफटवलं. तरी तिने दावा मागे घेतला नाही. 1789 साली तिला फारकत मिळाली, करारही कोर्टाने उचलून धरला, नवरा तुरुंगात गेला.

कादंबरी म्हणून हे दोन ताऱ्यांच्या वर जाणार नाही. नायकाचं मनपरिवर्तनच होत नाही.

आपल्याकडची उदाहरणं तर मुळीच काढू नयेत. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लावलं होतं. मोठी झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला. 1884 साली दादाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी 1885 साली तो फेटाळला; मनाविरुद्ध बाईला पुरुषाच्या हवाली करणं हे त्यांना रानटी आणि क्रूर वाटलं. अपिलानंतर 1887 साली न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. गंमत अशी की नांदायला लावण्याचा हा दावा मुळात विलायती कायद्यातला, आणि तो न पाळल्याबद्दलची कैद खुद्द इंग्लंडने 1884 सालीच रद्द केलेली. वाचकांचे अभिप्राय तेव्हाही भरपूर आले. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ त्यांच्या विरोधात होते, ठपका इंग्रजी शिक्षणावर होता. 1888 साली 2000 रुपयांवर तडजोड झाली, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेला त्यांनी बायकांचं इस्पितळ चालवलं. यात ना ग्रंथालय, ना व्रण, ना चंदनाचा वास. वाचक गुंतणार कशात?

त्यापेक्षा आजीला आणा. ‘माझ्या आजीनेही आजोबांना लग्नाआधी पाहिलं नव्हतं, तरी साठ वर्षं सुखाने संसार केला.’ हे वाक्य मराठी अभिप्रायात वरणातल्या हिंगासारखं, चिमूटभर पण हवंच. आजी हयात असेल तर तिला विचारायला जाऊ नये. साक्ष फिरण्याचा संभव असतो.

आता माफी. जाणकार वाचक माफीचं माप घेतात, तुम्हीही घ्या. पावणेचारशे पानी कादंबरीत ती 310व्या पानाच्या सुमारास सुरू व्हावी. आधी झाली तर ‘नायक लवकर मऊ पडला’ आणि 350च्या पुढे गेली तर ‘शेवट गुंडाळला’. साहित्य असं: एक क्रूर बाप, लहानपणी वारलेली आई, दगा दिलेली पहिली वाग्दत्त वधू. बापाच्या क्रौर्याचा एक प्रसंग पुरतो. दोन घातले तर नायिकेचा बाप फिका पडतो. त्यावर नायकाला एक गोळी, शक्यतो खांद्यात, आणि तीन रात्रींचा ताप. शुश्रूषा नायिकेने करायची. तापात तो तिचं नाव घेतो, ती रडते, आणि चिठ्ठ्यांचा विषय मागे पडतो. तापाऐवजी नुसती बोलून माफी मागितली तर वाचक समाधानी होत नाहीत, कारण त्यात त्याने नेमकं काय केलं ते उच्चारावं लागतं. 365व्या पानावर तो कर्जाचे कागद शेकोटीत टाकून म्हणतो, ‘तू मोकळी आहेस, जा.’ तेव्हा ती चार महिन्यांची गरोदर असते, बाहेर बर्फ पडत असतं आणि माहेरचं घर लिलावात गेलेलं असतं. यावर ‘शेवटी निवड तिचीच होती, हे फार भावलं’ असं लिहा.

ताऱ्यांचा हिशेब सोपा. परवाना, घोडे, काडी यांचे कापलेले दीड वजा करून साडेतीन राहतात. तापाच्या तीन रात्रींचा एक परत द्या. उरलेला अर्धा उपसंहारातल्या जुळ्यांसाठी.

मात्र नायिकेचा जो चुलतभाऊ 290व्या पानावर तिचं तोंड बांधून तिला गाडीत कोंबतो, त्याच्याविषयी फार कडक लिहू नका. कव्हरच्या आतल्या बाजूला मालिकेच्या पुढच्या भागाची जाहिरात आहे. नायक तोच आहे, आणि लहानपणी त्याचीही आई वारलेली आहे.