व्यायाम सुटतो तो आजारामुळेच

नैराश्यावर व्यायामाचा उपयोग होतो, परंतु रुग्ण तो चिकाटीने करत नाहीत, असे एका लेखात वाचले. यातील ‘चिकाटी’ हा शब्द मला खटकला. कारण उत्साह आटणे, थकवा येणे आणि कशातच रस न वाटणे ही या आजाराचीच लक्षणे आहेत, आणि हा उपचार रुग्णाकडे नेमका उत्साहच मागतो. धाकट्या भावाच्या आजारपणात मी हे जवळून पाहिले. एका पायात बूट चढवून, दुसऱ्या बुटाची नाडी हातात धरून तो अर्धा अर्धा तास पलंगाच्या कडेला बसून राहायचा. मी त्याला आळशी म्हणाले होते, याचे आजही वाईट वाटते.

ड्यूक विद्यापीठातील जेम्स ब्लुमेन्थल आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या अभ्यासात १६ आठवड्यांनंतर व्यायामाचा परिणाम सर्ट्रालिन या नैराश्यावरील औषधाच्या तोडीचा दिसला खरा. पण तो व्यायाम देखरेखीखाली, गटाने, आठवड्यातून ३ वेळा करून घेतला जात होता. ‘रोज फिरायला जात जा’ एवढे सांगून रुग्णाला घरी पाठवणे हा तो उपचार नव्हे. भावाच्या बाबतीत ठरल्या वेळी दार वाजवणारा मित्र आणि १० मिनिटे चालून परत फिरण्याची मुभा, यांनी फरक पडला. औषधे अर्थातच चालू होती. ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील २०२४ च्या, २१८ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात योगासने आणि स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम रुग्णांना अधिक मानवल्याचे दिसते. तेव्हा ज्याला चालणे जमत नाही, त्याला डॉक्टरांनी हे पर्याय आवर्जून सुचवावेत.