खुनी कोण ते नंतर, आधी खुनी कुठंय ते दाखवा

रविवारी रात्री सव्वानऊला आईने टीव्हीकडे बघत मला विचारलं, "यात आपण दोघीच दिसतोय. ते लोक कधी दिसणार?"

चेष्टा नाही. स्क्रीनवर खरंच आम्ही दोघी होतो. मी, आई, मागची शोकेस, शोकेसवरचा गणपती आणि डोक्यावर आडवी ट्यूब. त्या सगळ्याच्या मागे कुठेतरी एक मराठी वेब सिरीज चालू होती. तिसरा भाग. कोकणातला वाडा, अमावास्या, लाइट गेलेली, आणि माजघरात कुणीतरी कुणाला तरी काहीतरी करतं. "खच्" असा आवाज येतो, मग पाऊस, मग एक बाई हुंदके देते. एवढं सगळं मी कानावर विसंबून सांगतेय. डोळ्यांना फक्त काळ्यावर काळं.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालंय. पेपरातलं शब्दकोडं ती चष्म्याशिवाय सोडवते. दोष तिच्या डोळ्यांचा नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सल्ला तोच येणार.

मग मी उपाय सुरू केले. ट्यूब बंद केली. शोकेसमधला झिरोचा बल्ब बंद केला. तरी गॅलरीच्या दारातून सोसायटीच्या पार्किंगचा हॅलोजन बरोब्बर खुनाच्या जागेवर पडत होता, म्हणून डबल बेडची चादर आणली आणि कपड्यांचे चिमटे लावून पडद्याच्या दांडीला टांगली. कोथरूडमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, एप्रिल महिन्यात, वारा बंद करून आम्ही दोघी घाम पुसत मनोरंजन करून घेत होतो. तेवढ्यात समोरच्या काकूंचा फोन.

"तुमच्याकडचीच गेलीय का गं लाइट?"

"नाही काकू, सिरीज बघतोय."

"अंधारात?"

"तीपण अंधारातच आहे."

बरं, नुसता अंधार असता तर सोडून दिलं असतं. पण या सिरीजची सगळी गोष्ट एका कुंकवावर उभी आहे. नवरा सहा महिने बेपत्ता. तो मेलाय हे बायकोला माहीत आहे की नाही, हे कोडं. तर सासू कंदील घेऊन येते, सुनेच्या कपाळाकडे बघते आणि गप्प होते. कॅमेरा कपाळावर जातो. संगीत थांबतं. म्हणजे तिथे काहीतरी आहे, किंवा काहीतरी नाही. आई खुर्चीच्या टोकाला आली. "लावलंय की पुसलंय?" मी उठून टीव्हीपासून वीतभर अंतरावर गेले. निळसर कपाळ, त्यावर जरा जास्त निळसर डाग. ते कुंकू होतं, जखम होती की स्क्रीनवरचा डाग होता, कळेना. शेवटी ओढणीच्या टोकाने स्क्रीन पुसून बघितली. डाग गेला नाही, म्हणजे तो गोष्टीतलाच. हातातला चुडा हिरवा होता की काळा, तेही देव जाणे.

माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, एडिटिंग शिकतो. त्याला तिथल्या तिथे फोन लावला. तो म्हणाला, "आत्या, तो डीओपीचा, म्हणजे मुख्य कॅमेरामनचा चॉइस आहे. मूड आहे तो." आणि मग शास्त्र सांगितलं. उजेड कमी झाला की माणसाच्या डोळ्याला लाल रंग आधी काळवंडलेला दिसतो, निळं-हिरवं त्यामानाने टिकतं, याला परकिन्ये परिणाम म्हणतात, म्हणून रात्र निळी रंगवतात. मान्य. शंभर टक्के मान्य. अरे पण मग ज्या अंधारात लाल दिसतच नाही हे तुम्हाला माहीत आहे, त्या अंधारात गोष्ट कुंकवावर कशाला टांगता? आणि सासूच्या हातात कंदील दिलाय ना? कंदिलाचा उजेड पिवळा-तांबूस असतो. तो कपाळावर पडला असता तर लाल रंग लालच दिसला असता. कंदील फक्त स्वतःला दिसण्यापुरता पेटला होता.

हा निळा-हिरवा प्रकार तर डोक्यातच जातो. त्याचं कारण सोपं आहे. माणसाची कातडी, गोरी असो की सावळी, रंगचक्रावर नारिंगीच्या आसपास येते. समोरची बाजू निळ्या-हिरव्याची. म्हणून सावल्या त्या रंगात ढकलल्या की चेहरा उठून दिसतो. युक्ती चांगली आहे. पण पूर्वी हे रंग लॅबमध्ये ढोबळमानाने सांभाळावे लागायचे. 2000 साली रॉजर डीकिन्स या हॉलिवूडच्या कॅमेरामनने एक अख्खा सिनेमा संगणकावर रंगवून हिरवीगार मिसिसिपी वाळक्या गवतासारखी पिवळी करून दाखवली, आणि तेव्हापासून सगळ्यांच्या हातात ते बटण आलं. आता भूतकाळ म्हणजे चहा सांडल्यासारखा. गाव म्हणजे पुरणाच्या कढईत बुडवून काढल्यासारखं. शहर म्हणजे फ्रीजमधून काढल्यासारखं. परदेशी लोक आपल्याकडे आले की तेच करतात. 2020 च्या 'एक्स्ट्रॅक्शन' सिनेमातलं ढाका बघा, सगळ्या शहराला कावीळ. त्यावर आपण नावं ठेवली, आणि आता आपणच आपल्या आजोळाला तीच कावीळ लावतोय. जुलैतला कोकण पिवळा? कोकणात कधी पाऊल टाकलंय का?

मूळ भांडण मात्र अंधाराचंच.

भाच्याकडूनच कळलं की ही चित्रं पक्की कुठे होतात. काळोखी खोली, करड्या भिंती, लाखांच्या घरातला मॉनिटर, आणि समोर रंग पक्के करणारा कलरिस्ट. साध्या, म्हणजे एसडीआर चित्रासाठी तिथे पांढरा रंग 100 निट्सवर बांधलेला असतो; निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप. खोलीच अंधारी, त्यामुळे तेवढ्यात काळ्यातल्या काळ्या साडीची किनारसुद्धा दिसते. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र असेल तर बहुतेक वेळा 1000 निट्स धरून काम होतं. आणि आमचा 43 इंची? खोक्यावर एचडीआर छापलंय खरं, पण स्वस्तातला पडदा तीनशेच्या आसपास धापा टाकतो. मग तो काय करतो, वरचा उजेड आपल्या मापात बसवायला सगळं चित्र खाली दाबतो. शिवाय एचडीआरमध्ये कुठला ठिपका किती निट्सचा हे आकड्यानेच ठरलेलं असतं, खोलीत ट्यूब चालू आहे की पणती याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे ज्या तंत्राला आम्ही "जास्त चांगलं दिसतं" म्हणून चार हजार जास्त मोजले, त्यानेच आमचा उजेड खाल्ला.

उरलंसुरलं इंटरनेट खातं. साध्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 पायऱ्या. त्यातल्या अंधाराच्या वाट्याला मूठभर. त्यात चित्र दाबून पाठवताना कात्री आधी अंधाऱ्या भागावर चालते, कारण "तिथे कुणी बघत नाही". म्हणून वाड्याच्या मागचं धुकं धुक्यासारखं न दिसता जिन्यासारखं दिसतं, पायरी-पायरीने. आणि काळोखात चौकोन वळवळतात. आईला वाटलं झुरळं आहेत, कथेतली.

हे दुखणं जुनं आहे आणि मोठ्या घरचं आहे. 2019 मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या 'द लाँग नाइट' या भागात जगभरच्या लोकांना हेच झालं. पंचावन्न रात्री जागून केलेलं युद्ध, आणि प्रेक्षक विचारतायत, कोण पडलं? त्यावर त्याचा सिनेमॅटोग्राफर फेबियन वॅग्नर काय म्हणाला? तर लोकांना टीव्ही नीट लावता येत नाहीत. वा! जेवण खारट झालं तर पाहुण्याच्या जिभेचं सेटिंग चुकलं.

अर्थात त्यात थोडं तथ्य आहे, हे मी रागातही कबूल करते. आमचा टीव्ही दुकानातून आला तो "व्हिविड" लावूनच. दुकानातल्या झगमगाटात शेजारच्या टीव्हीपेक्षा भडक दिसावा म्हणून तो मोड असतो. त्यात सगळ्यांचे गाल टोमॅटो. वर "एनर्जी सेव्हिंग" चालू, ते पडद्यामागचा दिवा गुपचूप मंद करतं. ते बंद केलं, "सिनेमा" मोड लावला, तेव्हा निदान वाड्याला खांब आहेत एवढं कळलं. पण हे मला कळायला रविवारचे अडीच तास आणि एक भाचा लागला. ज्यांच्याकडे भाचा नाही त्यांनी काय करायचं?

आता कुणी म्हणेल, मग रोजच्या मालिका बघा. त्यांची तर दुसरीच तऱ्हा. तिथे रोज एक भाग हातावेगळा करायचा असतो, दोन-तीन कॅमेरे एकदम लावलेले, प्रत्येक कॅमेऱ्यातून सून चांगली दिसली पाहिजे, म्हणून चारी बाजूंनी मऊ उजेड ओततात. सावली म्हणून नाही. बारशाला, तेराव्याला, मध्यरात्रीच्या कारस्थानाला, सगळीकडे मंगल कार्यालयाचा उजेड. सोमवारी आईच्या मालिकेत लाइट गेली. हिरॉइन मेणबत्ती शोधतेय, धडपडतेय, आणि मागे सोफ्याच्या कव्हरवरचं कशिद्याचं फूल मोजता येतंय. आई विजयी मुद्रेने वळली. "बघ. इथे लाइट गेलीय आणि सगळं दिसतंय. शिका म्हणावं."

मधलं काहीच का नसावं? अंधार दाखवायला उजेड लागतो, ही काही नवी विद्या नाही. सत्यजित राय यांचे कॅमेरामन सुब्रत मित्रांनी 1956 च्या 'अपराजितो'साठी स्टुडिओत बांधलेल्या बनारसच्या घराचा चौक उजळवला तो वर पांढरं कापड ताणून, त्यावर दिवे मारून, खाली पडणाऱ्या परतीच्या उजेडात. वाड्यात राहिलेल्या माणसाला तो उजेड ओळखता येतो. चौकात वरून येणारा, सावली न पाडणारा, आणि माजघराच्या उंबऱ्यापाशी येऊन थबकणारा. माझं लहानपण नारायण पेठेतल्या तसल्याच वाड्यात गेलं. आमचं माजघर भर दुपारी अंधारं असायचं, पण आजी तिथे तांदूळ निवडायची. दारातून तिरकी येणारी एक उजेडाची पट्टी, तेवढ्यात खडा दिसायचा. तांदळातला खडा! आणि यांना लाखो रुपयांच्या कॅमेऱ्यात बाईच्या कपाळावरचं कुंकू दिसेना.

आणि हे कुठल्या शहरात बसून बघायचं? जिथे 1933 मध्ये प्रभात फिल्म कंपनी आली, जिथे त्याच आवारात 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, जिथे 1974 साली दिल्लीहून टीव्हीचं शिक्षणही येऊन बसलं. लॉ कॉलेज रोडवरून रिक्षाने जाताना मला हल्ली आत शिरावंसं वाटतं. कुणावर ओरडायला नाही. एक 43 इंची टीव्ही न्यायचा, वर ट्यूब लावायची, शेजारी आई बसवायची आणि म्हणायचं, आता यावर बघा. गाणी मिसळणारे लोक शेवटी गाणं साध्या स्पीकरवर वाजवून बघतातच ना? तसं कुणीतरी एकदा, फक्त एकदा, आपली अमावास्या ट्यूबखाली लावून बघावी.

भाच्याने परवा सुचवलं, "आत्या, फोनवर बघ ना, ब्राइटनेस फुल करून." बघितलं. चौथा, पाचवा, सहावा भाग आम्ही दोघींनी एका फोनवर, डोक्याला डोकं लावून बघितला. आई निम्म्यात मान दुखते म्हणून मागे टेकली आणि डोळे मिटून ऐकत राहिली. म्हणाली, रेडिओवरच्या श्रुतिका आठवल्या, त्या बऱ्या होत्या, निदान आम्हाला दिसत नाही हे त्यांना माहीत असायचं, दार वाजलं तर कोण आलं ते नावाने सांगायचे.

काल सातवा भाग झाला. खुनी सापडला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, कारण तिसऱ्या भागात मेला तो हाच, अशी आमची खात्री होती.