हिरवी मोसंबी कच्ची नसते, आणि कडू रस म्हणजे रसायन नव्हे

‘हिरवी मोसंबी कच्ची असते, घेऊ नका. घेतलीच तर तांदळाच्या डब्यात पिकवा. रस कडू झाला तर समजा, फळाला रसायन मारलंय.’ मोबाइलवर फिरणाऱ्या या निरोपातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी रंग. सालीतलं हरितद्रव्य मोडायला गार रात्री लागतात, साधारण १३ अंशांखालच्या. जालना-पैठण पट्ट्यातला आंबे बहार, म्हणजे मोसंबीचा एक हंगाम, जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तोडणीला येतो. तेव्हा रात्री उबदार असतात, म्हणून रसाने भरलेलं फळही बाहेरून पोपटीच दिसतं. मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुलणाऱ्या हंगामाचं, फळ थंडीतून जाऊन फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतं, ते पिवळं. उलट इथिलीन वायू देऊन हिरवं फळ दोन-चार दिवसांत पिवळं करता येतं. त्यात साल बदलते, आतला रस तसाच राहतो. तेव्हा रंग सोडा, फळ हातात घ्या. आकाराच्या मानाने जड, साल पातळ आणि ताणलेली हवी. हलकं, जाड खरबरीत सालीचं फळ कितीही पिवळं असलं तरी रस कमीच निघतो.

तांदळाच्या डब्याचं म्हणाल, तर आंबा-केळ्यात स्टार्चचा साठा असतो, तोडल्यावर त्याची साखर होते. मोसंबीत असा साठा नसतो. झाडावरून उतरली तेव्हा जितकी गोड, तितकीच राहणार. डब्यात साल सुकून आकसते, आणि एखादं फळ चेपलेलं असलं की त्याची हिरवी बुरशी शेजारच्या फळांनाही लागते.

खरी भीती बसली आहे ती कडूपणाची. मोसंबीच्या बिया, सालीखालचा पांढरा गर आणि फोडींचे पापुद्रे यांत एक बेचव पदार्थ असतो. पेशी फुटून तो आंबट रसात मिसळला की हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, आणि लिमोनिन कडू. म्हणून पहिला घोट गोड लागतो आणि तासाभराने तोच पेला कडू. बाहेरून काही मारलेलं असावं लागत नाही. खात्री करायची तर एकाच फळाच्या दोन फोडी तशाच खा, बाकीचा रस काढून झाकून ठेवा आणि तासाभराने चाखा.

कडूपणा टाळायचा तर साल काढून पांढरा गर सुरीने तासा, बिया वेचून टाका. मिक्सर सलग फिरवू नका. दोन-तीन सेकंदांचे दोन झटके पुरतात, नाहीतर बिया आणि पापुद्रे भरडले जातात. गाळताना चोथा चमच्याने दाबून पिळू नका, शेवटच्या त्या दोन चमच्यांतच कडूपणा उतरतो. रस पंधरा मिनिटांत प्या. एकदा कडू झालेला रस पुन्हा गाळून गोड होत नाही, कारण लिमोनिन रसात विरघळलेलं असतं. चिमूटभर मिठाने ते थोडं झाकलं जातं, इतकंच. जेवणाच्या डब्यात मोसंबी न्यायची असेल तर रस नको, सोललेल्या अख्ख्या फोडी न्या. पेशी न फुटल्याने त्या दुपारपर्यंत गोड राहतात.